पंधरा टक्के आणि तीन जिल्हे

मागास भागात कारखाना काढणाऱ्याला रोख अनुदान द्यायचे, असे केंद्र सरकारने १९७१ साली ठरवले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले तीन जिल्हे आले: रत्नागिरी, औरंगाबाद आणि चंद्रपूर. एक समुद्रकाठचा, एक अवर्षणाच्या पट्ट्यातला, एक जंगलाचा आणि कोळशाचा. सवलत मात्र तिन्हीकडे सारखी. जमीन, इमारत आणि यंत्रे यांत घातलेल्या भांडवलाच्या दहा टक्के रक्कम सरकार देणार. १९७३ मध्ये हा आकडा पंधरा टक्क्यांवर गेला आणि एका कारखान्याला जास्तीत जास्त पंधरा लाख रुपये अशी मर्यादा ठरली. अर्जाचा नमुना एक, टक्केवारी एक, मुदत एक. पन्नास वर्षांनी पाहावे तर तीन जिल्ह्यांच्या तीन तऱ्हा.

सरकारी सवलतीने नोकऱ्या निर्माण होतात की नाही, यावर आपल्याकडे दोनच प्रकारे बोलले जाते. मंत्री कराराच्या दिवशी रोजगाराचा आकडा जाहीर करतात, आणि विरोधक म्हणतात की उद्योगपतींना खिरापत वाटली. मला या तीन जिल्ह्यांची गोष्ट जास्त बोलकी वाटते, कारण सवलत तीच ठेवून बाकी सगळे बदलले तर काय होते, हे तिच्यात आपोआप दिसते. कोणी मुद्दाम केलेला प्रयोग नव्हे. दिल्लीतल्या यादीने तो घडवून आणला.

त्याआधीचे थोडे सांगायला हवे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, तेव्हा राज्यातले उद्योग म्हणजे मुंबई, तिला लागून ठाणे, आणि घाटावर पुणे. बंदर मुंबईला, टाटांची जलविद्युत खोपोली-भिऱ्याहून मुंबईला, गिरण्या मुंबईला, बँका मुंबईला. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली आणि त्या बाजूने कारखान्यांची रांग लागली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तिथे उद्योग म्हणजे सरकी काढायचे जिनिंग-प्रेसिंग, औरंगाबादची एक कापडगिरणी आणि नांदेडची उस्मानशाही मिल. विदर्भात कापूस पिकायचा आणि त्याचे बरेचसे कापड मुंबईत व्हायचे. विदर्भ-मराठवाड्याला दिलेली नागपूर कराराची आश्वासने ताजी होती आणि नव्या राज्यात सगळ्यांना बरोबर घ्यायचे होते. कारखाने मुंबईबाहेर न्यायचे, यावर म्हणूनच फारसा वाद नव्हता. न्यायचे कसे, एवढाच प्रश्न होता.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याचे ‘एमआयडीसी’ हे लघुरूप आज खेड्यातल्या आजीलाही ठाऊक आहे: ‘नातू एमआयडीसीत जातो.’ महामंडळाने जमीन घ्यायची, रस्ते काढायचे, पाणी-वीज आणायची आणि भूखंड पाडून द्यायचे. पण भूखंड तयार झाला म्हणून कारखानदार परभणीला जाईलच असे थोडेच? म्हणून १९६४ मध्ये, मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात, राज्याने सवलतींची एक एकत्रित योजना आणली. सरकारी कागदांत तिचे नाव सामुदायिक प्रोत्साहन योजना. देशातली ही अशा प्रकारची पहिली योजना मानली जाते. मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्याबाहेर कारखाना काढला तर विक्रीकराचा परतावा, वीजशुल्कात सूट आणि अशाच आणखी काही सवलती मिळत. हे सगळे राबवायला १९६६ मध्ये ‘सिकॉम’ ही वित्तसंस्था उभी राहिली. कर्ज देणारीही तीच आणि सवलतीचे पात्रता प्रमाणपत्र देणारीही तीच. मागास भागात जाणाऱ्या कारखानदाराला आधी सिकॉमचा जिना चढावा लागे.

आमिषाच्या जोडीला धाकही होता, आणि तो विसरला जातो. त्या काळात मोठा कारखाना काढायला दिल्लीचा परवाना लागे, आणि मुंबईसारख्या महानगरात वाढ करायला परवाना मिळणे अवघड होत चालले होते. १९७७ च्या औद्योगिक धोरणात केंद्रीय उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी मोठ्या शहरांच्या हद्दीत नवे परवाने देणार नाही, असे स्पष्टच सांगितले. त्यामुळे एखादा कारखाना मागास भागात गेला तो पंधरा टक्क्यांच्या मोहाने गेला, की इतरत्र दारे बंद होती म्हणून, हे सांगणे कठीण आहे. सवलतीचे यश मोजणाऱ्या आपल्या बहुतेक अहवालांनी हा फरक केलेला नाही. कारखाना आला, सवलत घेतली, म्हणजे सवलतीमुळे आला, असा सरळ हिशेब.

त्याआधी, १९६८ मध्ये, दिल्लीत दोन अभ्यासगट नेमले गेले होते. मागास भाग कसा ओळखायचा हे पांडे समितीने सांगायचे, आणि तिथे उद्योग जाण्यासाठी काय द्यायचे हे वांछू समितीने. त्यांच्या शिफारशींवरूनच पुढे केंद्रीय अनुदानाचे जिल्हे ठरले. देशभरात असे १०१ जिल्हे होते. सवलतीच्या दराने कर्ज मिळणारे जिल्हे याहून पुष्कळ जास्त, २४६. महाराष्ट्र हे पुढारलेले राज्य, म्हणून रोख अनुदानासाठी त्याला तीनच मिळाले. १९७४ पासून प्राप्तिकरात आणखी एक सूट आली: मागास भागातल्या नव्या कारखान्याच्या नफ्यातले वीस टक्के दहा वर्षे करमुक्त. केंद्राचे रोख अनुदान, राज्याची विक्रीकराची सवलत, प्राप्तिकराची सूट, सिकॉमचे कर्ज आणि एमआयडीसीचा स्वस्त भूखंड असे सगळे एकावर एक चढत गेले. औरंगाबादच्या स्टेशनाजवळच्या किंवा चिकलठाण्याच्या लहान कारखानदाराला हा हातभार मोठाच होता. पंचवीस-तीस लाखांच्या कारखान्यात पावणेचार-साडेचार लाख सरकारचे, म्हणजे एखादे यंत्र फुकटात पडल्यासारखे.

औरंगाबादची बाजू आधीपासूनच थोडी भक्कम होती, हे मान्य केले पाहिजे. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी तिथे मिलिंद महाविद्यालय काढले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले, १९६० मध्ये सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय. अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांमुळे विमानाची सोय होती. मुंबईचा संचालक सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ शके. कारखान्याची जागा ठरवताना ही गोष्ट कुठल्याही प्रकल्प अहवालात लिहिली जात नाही, पण ती मोजली जाते. सगळ्यात मोठी उणीव पाण्याची. तीही भरून निघाली. पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पुरे झाले आणि शहराला व कारखान्यांना त्याच्या नाथसागर जलाशयाचे पाणी मिळू लागले. रेल्वे मात्र मनमाडपासून मीटर गेजचीच राहिली. रुंद रूळ यायला १९९० चे दशक उजाडले. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या मागण्यांत नोकऱ्या होत्या, रेल्वे होती, सिंचन होते. मराठवाड्याचे ज्येष्ठ नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसे ती मागणी पुढे वर्षानुवर्षे लावून धरत राहिली. कारखान्याला टक्केवारीत अनुदान द्या, असे त्या पोरांपैकी कोणी म्हणत नव्हते.

मग वाळूज. शहराच्या पश्चिमेला, नगर रस्त्यावर. पुण्याजवळच्या आकुर्डीत स्कूटर बनवणाऱ्या बजाज ऑटोने दुसरा कारखाना इथे घातला. सोळा महिन्यांत बांधून झाला आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत असत, असा तो काळ. माल खपेल का, ही चिंता कंपनीला नव्हती. मागास भागात परवानाही सुलभ आणि विक्रीकराची सवलतही भरघोस. औरंगाबादची लोकसंख्या १९७१ मध्ये दीड लाखाच्या थोडी वर होती. १९८१ ला ती तीन लाखांपलीकडे गेली आणि १९९१ ला सहा लाखांच्या घरात. आशियातले सर्वांत वेगाने वाढणारे शहर, असे गावातला जो तो अभिमानाने सांगू लागला. नळाला चार दिवसांआड पाणी येऊ लागल्यावरही सांगत राहिला.

बजाजच्या फाटकातून किती माणसे आत गेली, एवढाच आकडा धरला तर वाळूजची गोष्ट अर्धीच कळते. दुचाकी म्हणजे शेकडो सुटे भाग, आणि कंपनी ते सगळे स्वतः बनवत नव्हती. कारखान्याच्या जोडीने १९८५ मध्येच एन्ड्युरन्सने ॲल्युमिनियम डायकास्टिंग सुरू केले. १९९० च्या आगेमागे व्हेरॉकचे प्लास्टिकचे भाग निघू लागले. एन्ड्युरन्सचे अनुरंग आणि व्हेरॉकचे तरंग जैन हे दोघे जुळे भाऊ, बजाज ऑटोचे प्रमुख राहुल बजाज यांचे भाचे. आज दोन्ही कंपन्या शेअर बाजारात आहेत. भाच्यांना मामाची ऑर्डर मिळाली यात नवल नाही. नवल त्यांच्या खालच्या थराचे. एन्ड्युरन्सला साचे लागायचे, साच्यांना टूलरूम लागायची, भागांना प्लेटिंग लागायचे, पावडर कोटिंग लागायचे, माल बांधायला खोके लागायचे. वाळूजच्या गल्ल्यांत पत्र्याच्या शेडमध्ये चार पॉवर प्रेस आणि बारा मुले, असे जॉबवर्क करणारे कारखाने शेकड्यांनी उभे राहिले. त्यांतल्या कित्येकांचे मालक आधी मोठ्या कंपनीत सुपरवायझर होते, किंवा त्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेले. शेतकऱ्याचा मुलगा, डिप्लोमा, पाच वर्षे नोकरी, मग भाड्याची शेड आणि एक सेकंडहँड लेथ. मराठवाड्यात असा माणूस त्याआधी नव्हता. त्यातल्या बहुतेकांना केंद्रीय अनुदानाचा अर्ज कसा भरतात हेही माहीत नव्हते. त्यांना ऑर्डर माहीत होती.

नोकरी कसली, हेही पाहायला हवे. ‘कंपनीत लागला’ हे शब्द मराठवाड्यातल्या सोयरिकीत सोन्याच्या भावाने चालले. पहिल्या पिढीतला बजाजचा कामगार कायम होता, त्याला बोनस होता, सोसायटीचे कर्ज होते. त्याने वाळूजजवळ प्लॉट घेतला, मुलीला इंजिनिअर केले. नव्वदच्या दशकानंतर मुलीकडचे दुसरा प्रश्न विचारू लागले, ‘कायम आहे का?’ कारण तोवर ट्रेनी, कंत्राटी, ठेकेदाराचा माणूस, सात महिन्यांनी ब्रेक आणि मग दुसऱ्या फाटकावर दुसरे नाव, ही व्यवस्था रुळली होती. वाळूज, पंढरपूर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या गावांतल्या जमीनमालकांनी जनावरांचे गोठे मोडून दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगा बांधल्या. एका खोलीत बीड, जालना, परभणी, बुलढाण्याची चार-पाच पोरे, पाळीपाळीने झोपणारी. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठून जागा देणार. ज्या शेतात ज्वारी व्हायची तिथे खोल्यांचे भाडे पिकू लागले. सवलत कारखानदाराला दिली होती. तिचा एक बरा वाटा असा घरभाड्यातून गावच्या पाटलाच्या खिशात गेला. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही हे असेच घडते म्हणतात. वाळूजला ते उघड्या डोळ्यांनी दिसते.

आणि जिल्ह्याचे काय? सवलत जिल्ह्याला होती. पण कन्नड, सोयगाव, वैजापूर हे तालुके कागदावर तितकेच पात्र असून तिकडे कोणी फिरकले नाही. पैठणला एमआयडीसी झाली, पण वाळूजसारखी साखळी तिथे जुळली नाही. शहरापासून वीसेक किलोमीटरच्या वर्तुळात सगळे साचले. मराठवाड्यातून मुंबई-पुण्याला जाणारा लोंढा थोडा औरंगाबादला थबकला, हे खरे यश. बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार मात्र दिवाळी झाली की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागतच राहिला.

आता रत्नागिरी. तोच पंधरा टक्क्यांचा दर. पण कोकणात मुळात मोकळा माळ मिळणे दुरापास्त. डोंगर, खाड्या, आणि सातबाऱ्यावर वीस-वीस नावे. सपाट जागा सापडली तरी माल नेणार कसा? बंदरातली बोटवाहतूक संपत आलेली, मुंबई-गोवा रस्ता घाटाघाटांतून, आणि रेल्वे थेट १९९८ मध्ये. केंद्राचे अनुदान त्याच्या दहा वर्षे आधीच, १९८८ मध्ये, बंद झाले होते. म्हणजे सवलत होती तेव्हा गाडी नव्हती, आणि गाडी आली तेव्हा सवलत नव्हती. मनुष्यबळाची कथा आणखी उलटी. कोकणचा तरणा माणूस पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावात. घर मनीऑर्डरवर चालायचे. १९८२ च्या गिरणी संपानंतर हजारो चाकरमानी गावी परतले, तेव्हा तरी कोकणात कामे असायला हवी होती. तिथे आले ते मुख्यतः रसायनांचे कारखाने, खेड तालुक्यात लोटे परशुरामला. रसायनांना मोठी वस्ती जवळ नको, सांडपाण्याला खाडी हवी, कामगार थोडे लागतात; मुंबईजवळ त्यांना जागा मिळेनाशी झाली होती. त्यांच्या सांडपाण्यावरून दाभोळ खाडीतल्या भोई-कोळ्यांनी पुढे अनेक वर्षे तक्रारी केल्या, मेलेली मासळी दाखवली. लोट्यात शेपाचशे माणसे कामाला लागली आणि खाडीत तितक्यांची जाळी रिकामी आली, तर रोजगार वाढला म्हणायचे का? सरकारी तक्त्यात मासेमारी करणाऱ्याचा रकाना नसतो, त्यामुळे तिथे वाढलाच.

चंद्रपूरची गोष्ट थोडक्यात सांगता येते. तिथे कोळसा होता, बांबू होता, चुनखडी होती. कारखाने त्यांच्यामागे आले असते, सवलत असो वा नसो. बल्लारपूरची कागदगिरणी तर स्वातंत्र्याच्या आसपासचीच. ऐंशीच्या दशकात राजुरा-कोरपना भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले: आवारपूर, गडचांदूर. शेकडो कोटींच्या सिमेंट कारखान्याला केंद्राचे पंधरा लाख म्हणजे चहापाण्याचा खर्च. त्यांना खरा लाभ राज्याच्या विक्रीकर सवलतीचा, कारण ती भांडवलाच्या प्रमाणात मिळे. जितके मोठे यंत्र तितकी मोठी सवलत, हे या साऱ्या योजनांचे मर्म. सिमेंटची भट्टी नियंत्रण कक्षात बसलेली मोजकी माणसे चालवतात. आजूबाजूला ट्रक, ढाबे, टायरची दुकाने वाढली. पण सिमेंटला वाळूजसारखे सुटे भाग लागत नाहीत. जमीन गेलेल्या शेतकऱ्याची मागणी साधी होती, घरटी एक नोकरी. त्या मागणीसाठी फाटकापुढे धरणी धरली गेली. याच जिल्ह्याचा पूर्व भाग १९८२ मध्ये गडचिरोली म्हणून वेगळा निघाला. तिथे ना पंधरा टक्के कामाला आले, ना पुढे वाढवलेले पंचवीस.

माझे म्हणणे एवढेच की पंधरा टक्क्यांनी यांपैकी एकाही जिल्ह्याचे नशीब ठरवले नाही. सवलतीने कारखान्याची जागा शेपन्नास किलोमीटर इकडची तिकडे केली. पण एका नोकरीच्या मागे चार नोकऱ्या उभ्या राहतात की नाहीत, हे कारखाना काय बनवतो आणि त्याला लागणारे भाग कोण पुरवतो यावर ठरले. आणि सवलत देताना सरकार भांडवल मोजत होते, माणसे नव्हे.

जागा इकडची तिकडे करण्यात मात्र सवलत तरबेज होती. बी. शिवरामन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय समितीने १९८० च्या सुमारास हाच हिशेब तपासला आणि सांगितले की अनुदानाचा मोठा भाग थोड्याच जिल्ह्यांनी नेला. त्यातही आधीच वाढलेल्या शहरांच्या शेजारचे जिल्हे पुढे. महाराष्ट्रात हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. राज्याने तालुक्यांचे गट पाडले: ‘अ’ म्हणजे मुंबई-ठाणे-पुण्याचा विकसित भाग, तिथे काही नाही, मग ब, क, ड, आणि पुढे ‘ड अधिक’. गटाची रेघ जिथे संपते तिथे रेघेपलीकडे पहिल्याच मोकळ्या माळावर कारखाने. पुण्याहून तासा-दीड तासावर रांजणगाव, कुरकुंभ, शिरवळ. साहेब राहणार पुण्यात, मुले शिकणार पुण्यात, आणि कंपनीची गाडी रोज रेघ ओलांडणार. मुंबईपासून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या पाताळगंगेचे पाहा. तिथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना १९८२ मध्ये आला आणि १९७९ च्या योजनेतली विक्रीकराची सवलत त्याला मिळाली. सवलत कायदेशीरच होती. पण पाताळगंगेला कारखाना गेल्याने मुंबईच्या सावलीबाहेर काय गेले, हे विचारायला हरकत नाही.

विक्रीकराची सवलत चालायची कशी, तेही पाहण्यासारखे आहे. कारखाना गिऱ्हाइकाकडून विक्रीकर वसूल करी आणि तो सरकारात भरण्याऐवजी स्वतःकडे ठेवी. दहा-बारा वर्षांनी, हप्त्याहप्त्याने, बिनव्याजी परत करायचा. सरकारच्या तिजोरीतून एक रुपया बाहेर पडत नसल्यामुळे अर्थसंकल्पात ही रक्कम दिसतही नसे. विधानसभेत पूल आणि धरणांवर तासन्‌तास वाद होत; हा खर्च कोणाच्या लक्षात यायचा नाही. २००२ च्या सुमारास सरकारने सांगितले की राहिलेली रक्कम आजच्या किमतीने एकदम भरा आणि मोकळे व्हा. सुल्झर इंडिया या कंपनीचे साडेसात कोटींचे देणे अशा रीतीने सुमारे तीन कोटी सदतीस लाखांत मिटले. उरलेली रक्कम उत्पन्न धरून तिच्यावर कर लावायचा, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे. खटला चालला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये अशाच दुसऱ्या प्रकरणात तोच अर्थ कायम केला. निकाल कायद्याला धरून आहेत. रोजगार किती झाला हा प्रश्न त्यांत येण्याचे कारण नव्हते. पण कुठल्याच दालनात तो प्रश्न येण्याचे कारण नव्हते, ही खरी अडचण. योजनेत अट होती, अजूनही आहे: एकूण नोकऱ्यांत ऐंशी टक्के आणि पर्यवेक्षकांत पन्नास टक्के स्थानिक माणसे हवीत. स्थानिक म्हणजे पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहिलेला कोणीही. पाताळगंगेला डोंबिवलीचा माणूस घेतला तरी अट पुरी.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत राज्याराज्यांत चढाओढ लागली. दमण, सिल्वासा, गोवा, गुजरात: जो तो शेजाऱ्यापेक्षा एक वर्ष जास्त सूट देऊ लागला. महाराष्ट्राची योजना १९८३, १९८८, १९९३ अशी दर पाच वर्षांनी नवी होत गेली ती याच धावपळीत. शेवटी नोव्हेंबर १९९९ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हांच्या पुढाकाराने सगळ्या राज्यांनी नव्या कारखान्यांना विक्रीकराच्या सवलती देणे थांबवायचे कबूल केले. थांबले नाही, नाव बदलले. २००७ पासून महाराष्ट्रात औद्योगिक प्रोत्साहन अनुदान सुरू झाले आणि वस्तू व सेवा करानंतर त्यातल्या राज्याच्या हिश्शाचा परतावा.

आणि २००३ मध्ये वाजपेयी सरकारने उत्तराखंड व हिमाचलसाठी मोठे दालन उघडले: दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ, पहिली पाच वर्षे प्राप्तिकर पूर्ण माफ. टाटा मोटर्स पंतनगरला गेली, हिरो होंडा हरिद्वारला. औषध कंपन्यांनी बद्दी गाठली. आणि २००७ मध्ये बजाजनेही पंतनगरला दुचाकींचा कारखाना सुरू केला. त्याच वर्षी आकुर्डीतल्या जुन्या कारखान्यातले उत्पादन थांबले. बावीस वर्षांपूर्वी आकुर्डीतली वाढ सवलतीसाठी वाळूजला आली होती. आता सवलत हिमालयाच्या पायथ्याशी होती. एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक यांनीही पंतनगरला आपले कारखाने घातले. पुरवठादाराला गिऱ्हाइकाच्या मागे जावेच लागते. उत्तराखंडात या सवलतींनी कारखाने आणि नोकऱ्या खरोखर वाढल्या, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. आकुर्डीच्या कामगाराचा हिशेब त्या अभ्यासाच्या चौकटीत बसणारा नव्हता.

ब्रिटनमध्ये अशा अनुदानांवर जास्त काटेकोर काम झाले आहे. तिथे कोणत्या भागाला किती अनुदान द्यायचे, हे युरोपीय संघाच्या नियमांनी ठरे आणि ते नियम मधूनमधून बदलत. त्यामुळे अनुदान नसते तर काय झाले असते, याचा अंदाज बांधता आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनानुसार अनुदानाची कमाल मर्यादा दहा टक्क्यांच्या टप्प्याने वाढवली की त्या भागातला कारखानदारीतला रोजगार सुमारे दहा टक्के वाढे. पण ही वाढ सगळी लहान कंपन्यांत. मोठ्या कंपन्यांनी पैसे घेतले आणि जे करायचे तेच केले. आपल्याकडे मोठ्या गुंतवणुकीच्या प्रकल्पांना ‘विशाल’, ‘अतिविशाल’ असे दर्जे देऊन वेगळी, जास्त सवलत दिली जाते.

औरंगाबादचे आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. शेंद्रा आणि बिडकीनला ‘ऑरिक’ ही नवी औद्योगिक नगरी उभी आहे, चौपदरी रस्ते आणि जमिनीखालून वीज. चितेगावला व्हिडिओकॉनचे कारखाने होते. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि पैठण रस्त्यावरची एक अख्खी पिढी घरी बसली. जुलै २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, बिडकीनला वाहनांचा कारखाना घालण्याचा. वर्तमानपत्रांत गुंतवणुकीचे आणि रोजगाराचे आकडे मोठ्या अक्षरांत आले. वाळूजच्या लघुउद्योजकाचा प्रश्न त्यांत नव्हता: सुटे भाग इथून घेणार, की कर्नाटकात बिडदीला जे आधीपासून पुरवतात, त्यांनाच इकडे बोलावणार?